एमआरआयमध्ये ‘निम्म्यापेक्षा कमी’, तरी लिम्फ नोड कशाला काढायचे?

सुरंगी: पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर आईला परत रक्त जायला लागलं. बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, ग्रेड २ (म्हणजे पेशी मध्यम बिघडलेल्या). एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: गाठ स्नायूत निम्म्यापेक्षा कमी खोल, गर्भाशयमुख मोकळं, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) मोठे नाहीत. आम्ही हुश्श केलं. आता सर्जन म्हणतात, गर्भाशयाबरोबर सेंटिनेल नोडही (कॅन्सर पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचतो ते नोड) काढू, पक्की स्टेज पॅथॉलॉजीनंतरच सांगू. आई विचारते, “कापल्याशिवाय कळणारच नव्हतं, तर मला त्या बोगद्यात कशाला झोपवलं?”

फिल्मवाचक: आईंचा प्रश्न चोख आहे! मी रेडिओलॉजिस्ट. गाठ कुठवर गेलीय याचा अंदाज आम्ही देतो आणि ऑपरेशन किती मोठं करायचं ते त्यावर ठरतं. पण या वयात स्नायूचा थर पातळ झालेला असतो. त्याचं ‘निम्मं’ म्हणजे काही मिलिमीटर. त्यात फायब्रॉइड (स्नायूच्या साध्या गाठी) किंवा अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर स्नायूत शिरणं) असेल तर कडा पुसट होतात. पोकळीत वाढलेली मोठी गाठ भिंत ताणते आणि नसलेली खोली दिसते. चूक दोन्ही बाजूंनी होते. नोडचं तर विचारूच नका. आम्ही मुख्यतः आकार बघतो, आणि नेहमीच्या आकाराच्या नोडमध्येही पेशी लपलेल्या असू शकतात.

अनामिक७: हल्ली एआय सांगतं म्हणे?

फिल्मवाचक: प्रयोग चालू आहेत. एका मशीनच्या चित्रांवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या मशीनवर अडखळतं. त्याच्या भरवशावर मी तरी नोड सोडणार नाही.

स्लाइडखालची: पॅथॉलॉजीतून. लिम्फ आणि रक्ताच्या बारीक वाहिन्यांत शिरलेल्या पेशी एमआरआयवर दिसतच नाहीत, त्या आम्हालाच शोधाव्या लागतात. फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) २०२३ च्या वर्गीकरणात अशा ५ किंवा जास्त वाहिन्या सापडल्या, तर गाठ गर्भाशयातच असली तरी स्टेज २ धरतात. सुरंगी, एक काम आजच करा: बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) पी५३ (गाठ रोखणारं प्रथिन) आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) या तपासण्या झाल्यात का ते विचारा. ऑपरेशनची वाट बघायची गरज नाही. पी५३ बिघडलेलं असेल तर कमी खोलीवरही विसंबता येत नाही. एमएमआर प्रथिनं गायब असतील, तर लिंच सिंड्रोम (कॅन्सरचा आनुवंशिक धोका) आहे का ते पुढे तपासावं लागतं, आणि तो प्रश्न तुमच्याही तब्येतीचा आहे.

सुरंगी: रिपोर्ट परत काढून बघितला. त्यात फायब्रॉइडचा उल्लेख आहे, आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती. पी५३, एमएमआर कुठेच नाही. सर्जनना विचारते. नोड काढू देत, आईसुद्धा तयार झालीय.