पाणथळ जागेची सीमा: माती एक सांगते, निरीक्षण नळी दुसरेच. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

एका हंगामी पाणथळ जागेची सीमा आखण्याचे काम माझ्याकडे आहे. तिच्या एका कडेचे पुरावे परस्परांशी जुळत नसल्यामुळे या क्षेत्रातील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातील व्याख्या नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमच्या आणि तात्पुरत्या, गोड्या आणि खाऱ्या अशा सर्व पाणथळ जागांना सामावून घेते. मात्र सीमेची खुंटी नेमकी कुठे ठोकायची हे ती सांगत नाही, आणि ते तिचे कामही नव्हे. म्हणून वनस्पती, माती आणि पाणी हे तीन पुरावे स्वतंत्रपणे तपासण्याची, अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या १९८७ च्या नियमपुस्तिकेतील पद्धत मी वापरत आहे.

वनस्पतींवरून काहीच ठरत नाही, कारण लव्हाळे आणि कोरड्या जमिनीवरची गवते जवळजवळ सारख्याच प्रमाणात मिसळलेली आहेत. माती मात्र येथे पाणी साचत असल्याचे स्पष्ट सांगते. पृष्ठभागापासून साधारण २० सेंटीमीटरवर तिचा मूळ रंग करडा होतो, मातीचे रंग ताडून पाहण्याच्या मुन्सेल रंगपुस्तिकेत त्याची व्हॅल्यू (उजळपणा) ५ आणि क्रोमा (रंगाची तीव्रता) २ येते, आणि त्यात गंजासारखे नारिंगी डाग विखुरलेले दिसतात. सुमारे ४५ सेंटीमीटरवर घट्ट चिकणमातीचा थर लागतो. याउलट, पूर्वीच्या एका सर्वेक्षणात बसवलेल्या दीड मीटर खोल निरीक्षण नळीत (जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजण्याच्या नळीत) भर पावसाळ्यातही पाणी पृष्ठभागापासून एक मीटर खोलीच्या वर आल्याची नोंद नाही. त्यात भर म्हणजे याच कडेने एक जुना चर गेलेला आहे. त्यामुळे मातीतील खुणा चर खोदण्यापूर्वीच्या असून आज ती जमीन कोरडी झाली आहे, असा युक्तिवाद समोरच्या पक्षाने केला आहे.

मातीतील खुणा आजच्या की जुन्या, हे खात्रीने कसे ओळखावे? आणि नळीच्या नोंदी निर्णायक मानाव्यात का?

प्रतिसाद १

नोंदी निर्णायक मानण्यापूर्वी नळीची बांधणी पाहावी. तिला पाणी आत येण्यासाठी छिद्रे कोणत्या खोलीवर आहेत आणि बाहेरची पोकळी कशाने बुजवली आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. आपल्या वर्णनातील चिकणमातीचा थर पावसाचे पाणी वरच अडवून धरत असण्याची दाट शक्यता आहे. असे अडकलेले पाणी मुळांच्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे राहते, परंतु त्याच्या खालची जमीन कोरडीच असू शकते. थर भेदून गेलेल्या नळीचे छिद्र केवळ तळाशी असेल आणि वरची पोकळी बेंटोनाइटने (पाण्यात फुगून फट बंद करणाऱ्या चिकणमातीने) बंद केली असेल, तर ती नळी फक्त खालच्या पाण्याचा दाब मोजते. वरचे पाणी तिला कळतच नाही. पोकळी उघडी राहिली असेल, तर त्याच वाटेने वरचे पाणी खाली निसटते. दोन्ही प्रकारांत नोंद प्रामाणिक असते, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर तीत नसते.

अशा ठिकाणी अडवणाऱ्या थराच्या वरच संपणारी उथळ नळी बसवावी. ३५ ते ४० सेंटीमीटर खोली आपल्याकडे पुरेशी ठरेल. छिद्रे जवळजवळ संपूर्ण लांबीभर ठेवावीत आणि पृष्ठभागावरचे पाणी नळीच्या कडेने आत उतरू नये म्हणून फक्त वरचा भाग बेंटोनाइटने बुजवावा. वाढीच्या हंगामात पाणी सलग १४ दिवस किंवा अधिक काळ पृष्ठभागापासून ३० सेंटीमीटरच्या आत राहणे, आणि असे दहापैकी किमान पाच वर्षे घडणे, हा सामान्यतः वापरला जाणारा निकष आहे. पातळी आठवड्यातून एकदा हाताने मोजली, तर सलगपणा सिद्ध करणे अवघड जाते; स्वयंचलित नोंदयंत्र त्यासाठीच लावतात.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. खुणांच्या वयाबद्दल थोडे सांगतो.

गंजाच्या डागांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. कडा धूसर असून रंग हळूहळू आसपासच्या मातीत विरत असेल, तर प्रक्रिया चालू असण्याचा संभव अधिक; कडा रेखीव आणि गाठी टणक असतील, तर त्या जुन्या असू शकतात. यापेक्षाही भरवशाची खूण म्हणजे जिवंत मुळांभोवतीचे गंजाचे आवरण. साचलेल्या पाण्यातील वनस्पती मुळांपर्यंत हवा पोहोचवतात आणि विरघळलेले लोह तेथेच गंजून बसते. मूळ आज जिवंत असेल, तर ते आवरण काही दशकांपूर्वीचे असू शकत नाही. समोरच्या पक्षाला हे छायाचित्रासह दाखवावे.

माती ओली असताना अल्फा-अल्फा डायपिरिडिल या रसायनाची चाचणीही करता येईल. मातीचे ढेकूळ हाताने फोडून ताज्या पृष्ठभागावर द्रावण टाकावे. फेरस लोह (हवेअभावी तयार होणारे लोहाचे विरघळणारे रूप) असल्यास गुलाबी ते लाल रंग उमटतो. फावड्याचे पाते लागलेल्या जागी चाचणी करू नये, कारण पात्यातील लोखंडानेही रंग येतो. मात्र रंग आला नाही म्हणून जमीन पाणथळ नाही, असे म्हणता येत नाही. कोरड्या दिवसांत तो येणारच नाही.

शंका उरलीच, तर लोहाच्या ऑक्साइडचा रंग दिलेल्या आयरिस नळ्या हंगामभर मातीत पुरून ठेवाव्यात. क्षपण होत असेल, म्हणजे हवेअभावी लोह विरघळणाऱ्या रूपात जात असेल, तेथील रंग विरघळून निघून जातो, आणि हा पुरावा जुना असल्याचा दावा कोणालाही करता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जुन्या सर्वेक्षणाचे कागद काढून पाहिले. नळीची छिद्रे फक्त तळच्या ३० सेंटीमीटरमध्ये असून वरची पोकळी बेंटोनाइटने भरलेली आहे, म्हणजे ती चिकणमातीखालचेच पाणी मोजते आहे. लव्हाळ्याच्या जिवंत मुळांभोवती नारिंगी आवरणही आढळले. उथळ नळ्या आता बसवेन. परंतु यंदाचा पाऊस कमी आहे. अशा वर्षाच्या नोंदी ग्राह्य धराव्यात का?

प्रतिसाद १

मोजणीआधीच्या तीन महिन्यांचा पाऊस जवळच्या केंद्राच्या ३० वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहावा. त्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्यास ३० ते ७० शतमकांच्या (शेकडा स्थानांच्या) दरम्यानचा महिना सामान्य, त्याखालचा कोरडा, वरचा ओला. आणि सर्वांत अलीकडच्या महिन्याला तिप्पट, मधल्याला दुप्पट वजन द्यावे. काळ कोरडा ठरूनही पाणी निकष गाठत असेल, तर आपली बाजू भक्कमच होते. गाठत नसेल, तर त्यावरून जमीन कोरडी ठरवू नये आणि पुढच्या हंगामाची वाट पाहावी.

नळ्या बसवताना त्या चराला काटकोनात, चरापासून वाढत्या अंतरावर एका ओळीत ठेवाव्यात. घट्ट मातीत चराचा प्रभाव फार दूर जात नाही, त्यामुळे त्याने जमीन कोरडी केली असेलच, तर ती कुठपर्यंत, हे त्या ओळीवरून दिसेल. खुंटी त्या अंतरावर ठोकावी. चराच्या काठावर नव्हे, आणि समोरचा पक्ष म्हणतो तिथेही नव्हे.