सही पालकांची, शरीर मुलाचं

लहान मुलावर उपचार करायचे तर संमती कुणाची? "आईवडिलांनी सही केली की विषय संपला" असं म्हटलं जातं. फ्रॅक्चरला प्लास्टर घालायचंय, अपेंडिक्स काढायचंय, तिथे हे चालून जातं. खरी पंचाईत होते ती आजारी भावंडाला बोनमॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) देताना. ७ वर्षांच्या धाकटीला कसलाही आजार नाही, तरी तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढायचा. वैद्यकीय फायदा तिला शून्य. आणि तिच्या वतीने सही करणार कोण, तर ज्यांचा जीव थोरल्यात अडकलाय तेच आईबाप! त्यांना दोष देत नाहीये (त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं), पण धाकटीची बाजू बघणारं तिसरं कुणीतरी हवंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये हेच सुचवलंय: आजारी भावंडावर उपचार करणाऱ्या टीमबाहेरचा स्वतंत्र प्रतिनिधी.

बाकी, सुई हातात तयार ठेवून "टोचू ना रे?" असं मुलाला विचारणं ही शुद्ध फसवणूक. नको म्हणाला तरी टोचणारच असाल तर तसं सरळ सांगा, आणि डावा हात की उजवा, एवढं तरी त्याला ठरवू द्या.

संमतीच्या वयाचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून १६ च्या खालच्या मुलाला उपचार नीट समजत असेल तर त्याची संमती ग्राह्य धरतात. पण त्याच मुलाने जीव वाचवणारा उपचार नाकारला तर कोर्ट तो नकार बाजूला सारू शकतं. जीवावर बेतलेलं असताना मलाही कोर्टाचंच पटतं. फक्त मग निकष समजेचा आहे असं म्हणू नये.