मदत हवी आहे: ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर सुरू केला की नौकेवरच्या वायरलेसचा चॅनेल १६ खरखरतो, सिम्युलेशनमध्ये मात्र सगळं स्वच्छ

नमस्कार मंडळी,

हर्णै बंदराजवळ माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक नौकावालेच. सध्या मासेमारी बंदी आहे (१ जून ते ३१ जुलै), नौका वर ओढून शाकारून ठेवल्या आहेत. वायरिंग उघडून बघायला वर्षात एवढाच निवांत वेळ मिळतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून नौका पाण्यात जायच्या आत हे सुटायला हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आतेभावाच्या नौकेवर १२ व्होल्टची बॅटरी आहे. व्हीएचएफ वायरलेस, फिशफाइंडर, दिवे सगळं तिच्यावरच. खलाशांचे फोन आणि नकाशाचा टॅब चार्ज करायला मी ५ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करणारं सर्किट) बनवला. आयसी एलएम २५९६, कॉइल ३३ मायक्रोहेन्री, डायोड १एन ५८२२, आउटपुटला २२० मायक्रोफॅरड. हा आयसी एलटीस्पाइस या सिम्युलेशन प्रोग्रामच्या यादीत नाही, म्हणून त्याच्या जागी साधा स्विच आणि १५० किलोहर्ट्झचा पल्स सोर्स लावून सर्किट चालवलं. कॉइलमधला रिपल (प्रवाहाची चढउतार) ०.६ ॲम्पिअरच्या आसपास, आउटपुटवरचा ३० मिलिव्होल्ट. कागदावर केलेलं गणितही तेवढंच आलं. बोर्ड दोन तास पूर्ण लोडवर ठेवला, तापला, पण नीट चालला. मला वाटलं काम झालं.

नौकेवर बसवल्यावर कन्व्हर्टर सुरू केला की चॅनेल १६ वर सतत खरखर. फ्यूज काढला की शांत. तांडेलाने उपाय म्हणून स्क्वेल्च (क्षीण आवाज गप्प करणारं बटण) चढवून ठेवला. मला झोप लागत नाही ती याच गोष्टीने. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात हाक मारायची ती इथेच. स्क्वेल्च चढवला की खरखर जाते, पण लांबच्या नौकेची क्षीण हाकही तिच्यासोबत जाते. मी बनवलेल्या वस्तूमुळे कुणाची हाक ऐकू आली नाही, हे मला चालणार नाही.

आतापर्यंत केलेलं: वायरवर फेराइटचा क्लिप लावला, थोडा फरक पडला. मग स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हातातला वायरलेस दोन मीटरवर धरला, तोही खरखरतो. म्हणजे त्रास फक्त वायरमधून नाही, हवेतूनही येतो. माझा ऑसिलोस्कोप ५० मेगाहर्ट्झचा आहे, त्यावर स्विचच्या पिनवरची लहर चौकोनी आणि स्वच्छ दिसते. इनपुटचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जागेअभावी आयसीपासून ३ सेंटीमीटरवर बसलाय.

१५० किलोहर्ट्झचं सर्किट १५६ मेगाहर्ट्झला कसं त्रास देतं? आणि हे सिम्युलेशनमध्ये आधीच दिसेल असं काही करता येतं का? मी कपॅसिटरच्या वाटेत १५ नॅनोहेन्री घालून पाहिले, तर ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ म्हणत सिम्युलेशन बंदच पडलं.

प्रतिसाद:

दादा, तुमचा स्कोप खोटं बोलत नाही, त्याला दिसतच नाही. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १५० मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ पुसली जाते. स्विच चालू होतो त्या क्षणी इनपुट कपॅसिटर, आयसीतला स्विच आणि डायोड या वेटोळ्यात प्रवाह एकदम उडी मारतो. त्या वेटोळ्याचं इंडक्टन्स आणि डायोडची कपॅसिटन्स मिळून घंटेसारखी वाजतात. समजा १० नॅनोहेन्री आणि १०० पिकोफॅरड, तर १५९ मेगाहर्ट्झ. तुमच्या चॅनेलच्या अगदी शेजारी! ट्रॅकचा एक मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोहेन्रीपर्यंत धरा, मग ३ सेंटीमीटर काय करतात ते तुम्हीच बघा. आणि ही घंटा सेकंदाला दीड लाख वेळा वाजते.

सिम्युलेशनमध्ये ती ऐकू आली नाही, कारण तुमचा डायोड बहुधा नुसता ‘डी’ असेल. त्या मॉडेलची जंक्शन कपॅसिटन्स शून्य असते. यादीतला खरा शॉटकी डायोड घ्या, एमबीआरएस ३४० चालेल. पल्सला राइज टाइम द्या, १० ते २० नॅनोसेकंद. बंद पडतं ते बहुतेक आदर्श इंडक्टन्समुळे. त्या १५ नॅनोहेन्रीला थोडा सिरीज रेझिस्टन्स आणि समांतर शंभरेक ओहम द्या. लहरीचा एक फेरा सहा नॅनोसेकंदांचा, म्हणून कमाल टाइम स्टेप ०.२ नॅनोसेकंद ठेवा. सुरुवातीचा सगळा काळ चालवत बसू नका, आउटपुट कपॅसिटरला सुरुवातीचेच ५ व्होल्ट देऊन ५० मायक्रोसेकंद पुरे. एफएफटी (लहरीत कोणत्या वारंवारता आहेत त्याचा आलेख) काढणार असाल तर प्लॉटविनसाइझ ही सेटिंग शून्य करा, नाहीतर डेटा आवळला जातो आणि आलेखात नसलेली शिखरं दिसतात.

दुसरा प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. आधी ४.७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक थेट आयसीच्या इनपुट पिनपासून डायोडच्या ग्राउंड टोकापर्यंत, शक्य तितक्या आखूड टोकांनी. मग डायोडला समांतर स्नबर (ती लहर विझवणारी जोडी): १० ओहम आणि ३३० पिकोफॅरड सिरीजमध्ये. रेझिस्टर ‘एल भागिले सी’ (इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स) या भागाकाराच्या वर्गमुळाइतका, कपॅसिटर डायोडच्या कपॅसिटन्सच्या तिप्पट-चौपट. १२ व्होल्टला त्यात जाणारी वीज १० मिलिवॅटही नाही, उष्णतेची काळजी नको. सगळं जमेपर्यंत बोर्डावर कोटिंग करू नका. खाऱ्या हवेसाठी ते लागणारच, पण खरवडून पुन्हा डाग देणं फार कटकटीचं.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. डायोड बदलून पुन्हा चालवलं आणि स्विचच्या पिनवर ती लहर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. दहा-बारा फेरे, मग विझते. स्नबर घातल्यावर दोन फेऱ्यांतच विझली.

काल बोर्डावरही केलं. नुसत्या सिरॅमिकनेच बराच फरक पडला. स्नबरनंतर दोन मीटरवर हातातला वायरलेस पूर्ण शांत, आता अगदी बोर्डाला टेकवला तरच कुजबुजतो. नौकेवरचा सेट मात्र पूर्ण लोडवर अजून किंचित सुस्कारतो. हे बॅटरीच्या वायरमधून येत असणार.

म्हणून इनपुटला १० मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावायचा विचार आहे. कन्व्हर्टर सारखीच वीज ओढतो, व्होल्टेज पडलं की प्रवाह वाढतो, म्हणजे इनपुटला तो ऋण रेझिस्टन्ससारखा वागतो. माझ्या हिशेबाने १९ वॅट इनपुटला तो साडेसात ओहमच्या आसपास, आणि फिल्टरचा स्वतःचा इम्पिडन्स ०.३ ओहम. एवढं अंतर पुरेसं आहे, की डॅम्पिंगसाठी (लहर विझवायला) जास्त ईएसआरचा, म्हणजे जास्त अंतर्गत रेझिस्टन्सचा, आणखी एक इलेक्ट्रोलायटिक समांतर लावू?