मदत हवी आहे: कांड्या लावून जमतं, समीकरणात लिहिताना अडतं

नमस्कार. मुलगी साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत. तिला घरी लांबीची तुलना शिकवतेय आणि एका जागी दोघी अडकलोय. लहान मुलांना शिकवलेल्यांनी कृपया मार्ग सुचवा.

आमच्याकडे क्विझनेअरच्या रंगीत कांड्या आहेत, १ सेंटिमीटरच्या पांढरीपासून १० सेंटिमीटरच्या नारिंगीपर्यंत. निळी (९) आणि पिवळी (५) शेजारी ठेवली की लांब कोणती ते ती चटकन सांगते. पिवळीला काय जोडलं की निळीएवढी होईल, हेही दोन-तीन कांड्या लावून बघते आणि जांभळी (४) शोधून काढते. मला वाटलं, जमलं!

मग कागदावर विचारलं, "निळी पिवळीपेक्षा कितीने लांब?" उत्तर आलं ९. "अगं, कितीने?" म्हटलं तर ९ + ५ = १४. ५ + □ = ९ दिलं तर चौकटीतही १४. आणि मी ९ = ५ + ४ लिहिलं तेव्हा म्हणाली, "आई, तू उलटं लिहिलंयस," आणि खोडरबर घेऊन पुसायलाच निघाली.

रशियन मानसशास्त्रज्ञ वासिली दाविदोव यांच्या पद्धतीत पहिलीची मुलं आकड्यांच्या आधी लांबी, क्षेत्रफळ वगैरेंची तुलना अक्षरांनी लिहायला शिकतात. आकडे थोडे दिवस बाजूला ठेवून तसं करू का? की तिचा आणखी गोंधळ होईल? हातात इतकं छान कळतंय, ते कागदावर हरवू नये असं फार वाटतं.

प्रतिसाद १

ताई, मी पहिली-दुसरीला शिकवते. तुलना तिला येतेच आहे. अडलंय ते दोन शब्दांपाशी.

पहिला शब्द 'बरोबर'. = हे चिन्ह आपण 'बरोबर' असं वाचतो आणि उत्तर चुकलं नाही की तेव्हाही 'बरोबर' म्हणतो. मुलांना वाटतं, या चिन्हानंतर उत्तर लिहायचं असतं. म्हणून ९ = ५ + ४ तिला उलटं दिसतं. काही दिवस = ला 'तेवढंच' वाचा: "निळी तेवढीच, जेवढ्या पिवळी आणि जांभळी मिळून." मग कांड्यांच्या बाजू अदलाबदल करून तेच पुन्हा वाचायला सांगा.

दुसरा, 'कितीने'मधला 'ने'. तो तिच्या कानावरून निसटतोय. कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक लांब, एक आखूड. डावी टोकं जुळवून एकीवर एक ठेवा, बाहेर आलेला भाग दुमडून फाडा आणि तो तुकडा तिच्या तळहातावर द्या. "एवढ्याने लांब." वर्गात हे केलं की मुलं तुकडा मुठीत घट्ट धरून ठेवतात. आखूड पट्टीला क, तुकड्याला ख म्हणा. फाडण्याआधीची अख्खी पट्टी ग, तेवढीच आणखी एक आधीच कापून ठेवा. ग = क + ख, क + ख = ग, ग − ख = क, ही तिन्ही पट्ट्या हलवत हलवतच लिहायची. अक्षरांनी गोंधळ होत नाही. उलट बेरीज करायला आकडेच नसल्यामुळे मूल लांबीकडे बघतं. त्यानंतर आकडे आणा.

चौकटीत १४ आले तर खोडू नका. पिवळीपुढे नारिंगी आणि जांभळी लावायला सांगा. ५ आणि १४ मिळून १९ होतात, निळीच्या दुपटीहून जास्त. तीच हसेल आणि दुरुस्त करेल.

प्रतिसाद २

एक आधी तपासा. सारख्या लांबीच्या दोन कांड्या जुळवून ठेवा, मग तिच्यासमोरच एक थोडी पुढे सरकवा. "आता कोणती लांब?" पुढे गेलेली लांब म्हणाली तर समीकरणाची घाई करू नका. या वयात बऱ्याच मुलांना तसं वाटतं, स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे दाखवून दिलंय. मग टोकं जुळवण्याचा सराव आधी.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. कांडी सरकवून पाहिली, "सारख्याच आहेत, तू ढकललीस फक्त," म्हणाली. पट्टीचा तुकडा दिला तर तो वहीत चिकटवला आणि खाली स्वतःहून लिहिलं: ग = क + ख. या वेळी उलटं वाटलं नाही! वजाबाकीचं वाक्य मात्र अजून मलाच सांगावं लागतंय. ते वेगळ्या दिवशी घेऊ की याच पट्ट्यांवर लगेच?