मदत हवी आहे : नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांना घरी शिकवतेय, पुस्तकं कोणती धरू?

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण जूनच्या आत ठरवायचंच आहे म्हणून विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही वाईजवळच्या एका गावात राहतो. सासऱ्यांची शेती आणि रोपवाटिका बघायला दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आलो. लेक जुलैमध्ये नऊची होईल, मुलगा नुकताच सहाचा झालाय. लेक तिसरीत असताना दिवाळीनंतर तिला शाळेतून काढलं. शाळेबद्दल फार लिहीत नाही. वाचताना अडखळली की तिला वर्गापुढे उभं करायचे आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, एवढंच सांगते. आता दुखत नाही. मुलालाही एवढ्यात शाळेत घालायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासूबाईंना ते पटलेलं नाही. पण रोज दुपारी त्याच नातवंडांना घेऊन बसतात, गोष्टी सांगतात.

सुरुवातीला मी घाबरून एक मोठी खरेदी केली. एका परदेशी अभ्यासक्रमाचा पूर्ण संच मागवला, कस्टम धरून ३६ हजार पडले. आज हे पान, उद्या ते पान, असं सगळं आखून दिलेलं असतं. पहिले पंधरा दिवस फार बरं वाटलं, कारण रोज सकाळी काय करायचं हे कुणीतरी ठरवून दिलं होतं. मग पैशांचा धडा आला. त्यांचं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान असतं. लेकीने चित्र बघून लहान नाण्याला पाच धरलं आणि पानावरची सगळी उत्तरं चुकली. ती म्हणाली, "आई, मला पैसे मोजता येतात ना? रोपांचे पैसे मीच मोजते ना?" तिला मोजता येतात. गिऱ्हाइकाला सुटे परत देण्यात ती चुकत नाही. मी संच मिटून ठेवला. पुढे इंच, औंस, बर्फातले पक्षी. दारात पळस फुललाय आणि आम्ही मेपलच्या पानांना रंग देत बसलोय, हे मला सहन होईना.

गणितात तिची एक अडचण नक्की सापडली आहे. त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहिते. 'त्रे' आधी ऐकू येतं म्हणून आधी ३. इंग्रजीत सिक्स्टी-थ्री म्हटलं तर बरोबर लिहिते. वाचनात साधे शब्द येतात, जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

आतापर्यंत मी हे पाहिलंय. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, आणि तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं, त्यामुळे आपल्या साताऱ्याचं मिळतं. तेच धरावं असं मनात आहे. पण शाळेत तीच पुस्तकं होती. मुखपृष्ठ दिसलं तरी पोर मिटून जाते. एनसीईआरटीची नवी पुस्तकंही पाहिली. पहिली-दुसरीचं 'जॉयफुल मॅथेमॅटिक्स' आणि तिसरीचं 'मॅथ्स मेला' मला आवडलं, पण ती मराठीत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी भरपूर आहेत, त्या आम्ही वाचतोच.

तर मला विचारायचंय ते असं. सगळे विषय एकाच मंडळाचे घ्यावेत, की गणित एकीकडचं आणि भाषा दुसरीकडची चालते? आणि जोडाक्षरांना काय करू? पुढे परीक्षेचं कसं होतं, हेही कुणी अनुभवाने सांगितलं तर घरातल्या मोठ्यांना सांगता येईल.

प्रतिसाद, नाशिकहून

ताई, आमची दोन्ही मुलं सहा वर्षं घरी शिकली. मोठा आता चौदाचा आहे. ३६ हजारांचं दुःख करत बसू नका. त्यातले ठोकळे आणि गोष्टींची पुस्तकं वापरा, बाकीचं विकून टाका.

विषयांची सरमिसळ बेलाशक करा. गणित मात्र एकच धरा आणि निदान वर्षभर सोडू नका. माझी चूक तिथेच झाली. दर चार महिन्यांनी नवीन पुस्तक आणायचे. एकात अपूर्णांक आधी, दुसऱ्यात मोजमाप आधी, आणि पोराच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट अर्धीच राहिली. भाषा आणि परिसर यांत तसं होत नाही, तिथे दहा ठिकाणचं घेतलं तरी चालतं.

नवीन काही घ्यायच्या आधी त्याचा मधला एखादा धडा मुलीबरोबर करून बघा. पहिला नको, पहिला सगळ्यांचाच सोपा असतो. मधल्या धड्यात तुम्हाला समजावून सांगताना धाप लागली, तर ते पुस्तक तुमच्या घरचं नाही.

परीक्षेचं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय. घरी शिकवण्याचा उल्लेख त्यात कुठे नाही, आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून लोक याला अधांतरी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण मुलीला परत शाळेत जावंसं वाटलं तर त्याच कायद्याने तिला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, आणि मागे पडली असेल तर तिची तयारीही करून घ्यावी लागते. सासूबाईंना हे आधी सांगा, त्यांना धीर येईल. परीक्षाच द्यायची तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. एनआयओएसची दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म तुम्हाला माहीत असेलच. शाळा सोडल्याचा दाखला मात्र आत्ताच मागून घ्या आणि जपून ठेवा. आमचा दाखला मिळवताना फार हेलपाटे पडले.

प्रतिसाद, फलटण तालुक्यातून

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं, बहुतेक वर्षं पहिली-दुसरीला. घरी शिकवावं की नाही यावर माझं मत वेगळं आहे, ते इथे मांडत नाही. मुलीबद्दल लिहिते.

त्रेसष्टची अडचण तुमच्या मुलीची एकटीची नाही, ती मराठीतली आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझ्या वर्गात मला ते उपयोगी पडलं. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, हाताला काहीतरी लागतं. शंभर मण्यांची माळ करा, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. गणितमाळ म्हणतात तिला. त्रेसष्ट म्हटलं की तिने आधी दहा-दहा मण्यांची सहा घरं मोजत जायचं आणि मग पुढचे तीन मणी. बोट सहा घरं चाललं की हात आपोआप आधी ६ लिहितो. त्रेसष्ट आणि छत्तीस एका दिवशी घेऊ नका. महिनाभर रोज दहा मिनिटं पुरतात. हातच्याची बेरीज त्यानंतर.

वाचनाचं. सहा वर्षांच्या बाळाला 'क ते ज्ञ' ओळीने पाठ करायला लावू नका. क, म, ल, र, घ आणि एक काना एवढंच घ्या. काका, मामा, काम, घर, मला, कर असे कितीतरी शब्द पहिल्याच आठवड्यात होतात, आणि लगेच वाक्यही होतं : 'काका, काम कर.' आमच्याकडे फलटणला कमला निंबकर बालभवन या शाळेत मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या वाचनावर कितीतरी वर्षं काम केलंय. पोराला पहिल्या दिवसापासून अर्थ लागला पाहिजे, ही दृष्टी मी तिथून घेतली.

लेकीची जोडाक्षरं पुस्तकाच्या क्रमाने घेऊ नका. आधी उभी दांडी जाऊन होणारी घ्या, म्हणजे ग, स, त, प यांची : भाग्य, रस्ता, पत्ता, गप्पा. ती पंधरा दिवसांत बसतात. र सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच रूप. सूर्यातला रफार, चक्रातला तिरका, ट्रकमधला खालचा आणि सुऱ्यातला. ही चारही रूपं एकाच 'र'ची आहेत हे मुलांना कुणी सांगत नाही. चार दिवस चार रूपं घेतली की पाचव्या दिवशी वर्तमानपत्र द्या आणि सगळे 'र' लाल पेनने गोल करायला सांगा. माझी मुलं त्याला 'र' पकडणं म्हणायची. वाचताना तिने तुमच्याकडे बघितलं तर लगेच सांगू नका. पाच मोजा. मग सांगा, पण शांतपणे.

प्रतिसाद, ठाण्याहून

आमच्याकडे मुलगी एनसीईआरटीच्या गणितावर शिकते. भाषा अडत नाही, मी पान वाचून मराठीत बोलतो, तिला इंग्रजी शब्द आपोआप कळत जातात. तेवढी तयारी असेल तरच घ्या. रोज रात्री उद्याची दोन पानं वाचून ठेवावी लागतात. मला ते दीड महिन्यानंतर जमायला लागलं.

अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून करायची खेळणी आहेत, सगळं मोफत. विज्ञानासाठी या वयात दुसरं काही विकत घ्यावं असं मला वाटत नाही. 'किशोर'चे जुने अंकही ऑनलाइन चाळता येतात. मासिक १९७१ पासून निघतंय, मुलीच्या आजीने लहानपणी वाचलेले अंक आता मुलगी वाचते.

धागाकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद मी छापून स्वयंपाकघरात लावलाय.

गणित बालभारतीचं धरलं. नाशिकच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही पुस्तकांचा मधला वजाबाकीचा धडा करून पाहिला. परदेशी संचात मीच अडकले. 'मॅथ्स मेला' तिला आवडलं, पण दर ओळीला "म्हणजे काय?" विचारायची आणि गणित बाजूला राहायचं. मुखपृष्ठाची भीती होती, म्हणून दुसरीच्या पुस्तकाचे धडे सुटे छापले आणि तिच्याच चौकटी वहीत चिकटवले. वहीवर तिने हळदीच्या पानाचं चित्र काढलंय. ते आता शाळेचं पुस्तक राहिलेलं नाही. दुसरीपासूनच सुरू केलं. आधी मन तयार होत नव्हतं, पण दोन धडे तिने तीन दिवसांत संपवले आणि तिचा चेहरा बघून माझं समाधान झालं.

गणितमाळ सासूबाईंनी ओवली. लाल मणी दुकानात ४८ च मिळाले, म्हणून शेवटच्या लाल घरात दोन चिंचोके आहेत. सोमवारी हळदीची पोती वजनकाट्यावर चढत होती. काट्यावरून "त्रेसष्ट" असा आवाज आला. मी काही विचारलं नव्हतं. ती बोटांनी हवेतच सहा घरं चालली, मग तीन, आणि पाटीवर ६३ लिहून माझ्याकडे न बघता पुढच्या पोत्याकडे गेली.

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, एवढाच वेळ ठेवलाय. धाकट्याची पाच अक्षरं झाली, 'काका, काम कर' हे तो दिवसभर सगळ्यांना वाचून दाखवतो. लेकीचा रफार झाला, ट्रकमधला 'र' या आठवड्यात. दाखल्यासाठी अर्ज दिलाय, अजून हातात आलेला नाही.

आता फक्त पाढ्यांचं अडलंय. सासूबाई म्हणतात, रोज संध्याकाळी दिवा लावला की म्हणायचे, अर्थ मागून कळतो. मला वाटतं आधी माळेवर दोन-दोन, पाच-पाच उड्या माराव्यात आणि मग पाठ करावेत. दोघांच्या दोन तऱ्हा नकोत, पोरांचा गोंधळ होईल. बाई, तुम्ही वर्गात कशाने सुरुवात करायचात?