नागा लोकांच्या दाओचे लाकडी म्यान एका बाजूने उघडे का असते?

प्रश्न : बांबूवाला_आरमोरी

नमस्कार. आमच्या गावात (गडचिरोली जिल्हा) बांबूकटाईच्या हंगामात प्रत्येकाजवळ कोयता असतो; पण तो कमरेच्या दुपट्ट्यात खोचण्यापलीकडे ठेवण्याची दुसरी सोय नसते. गेल्या हंगामात नाला ओलांडताना माझा चुलतभाऊ घसरला आणि खोचलेल्या पात्याने त्याच्या मांडीला सहा टाके पडले. नागालँडमधील लोक दाओ (तिकडचा कोयत्यासारखा सुरा) कमरेवर पाठीमागे लाकडी खोबणीत ठेवतात, अशी छायाचित्रे मी पाहिली. मात्र त्या खोबणीची बाहेरची बाजू उघडी दिसते. पाते झाकायचे असताना एक बाजू उघडी का ठेवत असावेत? आणि आपल्याकडचा सुतार तशी वस्तू करू शकेल काय?

उत्तर १ : डोंगरवाट

मी नागालँडमध्ये मोकोकचुंगला चार वर्षे शिक्षक होतो. तेथे झूम (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेतीसाठी रान साफ करणे, सरपण तोडणे, बांबू चिरणे, मांस कापणे ही सारी कामे दाओनेच होतात, त्यामुळे तो दिवसभर आत-बाहेर होत असतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर पात्याच्या आकारात आहे. दाओ मुठीजवळ अरुंद आणि टोकाकडे रुंद असून टोक बहुधा सपाट छाटलेले असते. असे पाते बंद म्यानात घालायचे तर म्यानाचे तोंड टोकाइतके रुंद हवे, आणि मग मुठीजवळचा अरुंद भाग त्यात सैल राहून पाते हलत राहणार. म्हणून एकाच लाकडी ठोकळ्यात खोबण कोरतात आणि उघड्या बाजूवर वेताच्या, लाकडाच्या किंवा तारेच्या आडव्या पट्ट्या बसवतात. पाते त्या पट्ट्यांमागे सरकते, आणि धार व अंग यांच्यामध्ये मात्र सलग लाकूड राहते. उघडेपणाचा दुसराही लाभ मला तेथील पावसात दिसला: चीक, माती, पाणी आत साचत नाही आणि खोबण बोटाने पुसता येते. ठोकळा वेताच्या किंवा सुती पट्ट्याने कमरेला बांधतात. कोन्याक या नागा जमातीची काही म्याने कोरीव कामाने आणि केसांच्या झुपक्यांनी सजवलेली असतात, परंतु रोजच्या कामाचे म्यान साधेच असते.

उत्तर २ : सुतारकाम_साकोली

काम अवघड नाही. लाकूड मात्र विचारपूर्वक निवडावे. बाभूळ, खैर किंवा ऐन वापरू नये, कारण त्यांतील तुरट द्रव्याने ओलसर लोखंडावर काळे डाग पडतात आणि गंज लवकर धरतो. माझी पसंती शिवण या झाडाच्या लाकडाला आहे: हलके, कोरायला मऊ, आणि वाळल्यावर फारसे वाकत किंवा तडकत नाही. कोयता प्रत्यक्ष लाकडावर ठेवून त्याची रेघ ओढावी, आणि धारेच्या बाजूला निदान बोटभर जाड लाकूड राखावे. नेमके येथेच लोक काटकसर करतात. पट्ट्यांसाठी बुरडाकडून बांबूच्या कामट्या घ्याव्यात. लाकडाला जवसाचे तेल द्यावे, कारण ते वाळून घट्ट होते. मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल वाळत नाही, ते पात्यालाच लावावे.

उत्तर ३ : रानमेवा

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी एक अडचण राहते. दाओ सरळ असतो, तर आपल्या पुष्कळ कोयत्यांचे टोक पुढे वाकलेले असते आणि असे टोक पट्ट्यांमागे सरकताना अडकेल. कोकणात अशा कोयतीसाठी कमरेमागे आकडी बांधतात. पाते काढायला ती सोयीची असली, तरी धार झाकत नाही. घसरून पडण्याचाच धोका असेल, तर मी ती सुचवणार नाही.

बांबूवाला_आरमोरी

सर्वांचे मनापासून आभार. मोजून पाहिले: भावाचा कोयता सरळ आहे, माझा टोकाशी सुमारे दोन बोटे वाकलेला आहे. म्हणून पहिला ठोकळा भावासाठीच करून घेतो. शिवणीचे वाळलेले लाकूड घरी आहे. माझ्यासाठी खालची पट्टी गाळून वरच्या दोनच ठेवल्या, तर टोक मोकळे राहूनही पाते धरले जाईल काय?

सुतारकाम_साकोली

होय, मात्र मग खोबणीचा तळ बंद ठेवा आणि टोक वाकलेल्या बाजूची भिंत उंच ठेवा, म्हणजे तुम्ही वाकताना पाते बाहेर कलणार नाही. पाणी निघण्यासाठी तळाला करंगळीएवढे छिद्र पाडावे.