मदत हवी आहे : सोप्या मराठीत, चित्रांसह माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. अक्षरं जुळवून वाचतो, पण लांबलचक वाक्य आलं की तिथंच थांबतो. त्याला निरामय आरोग्य विमा समजावून सांगायचाय. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण. माहिती मात्र अशा सरकारी भाषेत, की मलाच घाम फुटला! विमा त्याचा, मग कळायला त्यालाच नको?

मीच लिहायला घेतलंय. एका वाक्यात एकच गोष्ट, मोठा टाइप, शेजारी चित्र. 'दवाखान्याची बिलं जपून ठेव. बिलं दिली की पैसे परत मिळतात.' असं. घोडं अडलंय चित्रांवर. नेटवरचे डॉक्टर, दवाखाने सगळे परदेशी. त्याला ओळखीचं काही वाटत नाही. आमच्या केएमटी बसचा फोटो दाखवला की मात्र लगेच बोट ठेवतो. मग फोटो बरे की रेखाचित्रं? कोल्हापुरात विशेष शाळेत शिकवणारं कुणी आहे का इथं?

आणि मजकूर तपासायला दोन-तीन तरुण हवेत, ज्यांना स्वतःला वाचायला जड जातं. आम्ही घरच्यांनी 'छान झालंय' म्हणून काय उपयोग? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सोप्या भाषेचा उल्लेख आहे, मी वाचलाय. तयार नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा.